बटणला पोहायला शिकवणारी ताई

माझी ताई एकतीस वर्षं पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती आणि त्या एकतीस वर्षांत तिच्या पाण्यातून एकही माणूस आडवा बाहेर आला नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ती स्वतः कधी सांगणार नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर "नशीब," एवढंच म्हणते. नशीब कसलं डोंबलाचं! उंच लोखंडी खुर्चीवर बसून ती पाण्याकडे अशी बघायची, जसा मी सुईच्या नेढ्याकडे बघतो. मी शिंपी आहे. खाली दुकान, वर घर, मागे थोडंसं अंगण, आणि घरात आम्ही तिघं: मी, माझी बायको आणि ताई. ताईने लग्न केलं नाही. "पाण्याला देऊन वेळ उरला तर बघू," म्हणायची. उरला नाही.

तलावावरची पोरं तिला शिट्टीबाई म्हणत. एक आखूड शिट्टी म्हणजे पळू नकोस, पाय घसरेल. दोन म्हणजे खोल बाजूला कोण आहे रे तो. आणि एक लांबलचक म्हणजे मुकाट्याने सगळे बाहेर. तलाव बंदिस्त होता, वर काचेचं छप्पर. शंभर-दोनशे पोरांचा कल्ला त्या छपराला आपटायचा आणि दुप्पट होऊन खाली यायचा. तो रोज ऐकून ऐकून शेवटी ताईच्या कानांनी राजीनामा दिला.

आमच्या ते लवकर लक्षात आलं नाही. काहीही विचारलं तरी ती "हो हो" म्हणायची. माझी बायको तर खूश होती. "वन्सं हल्ली किती समजूतदार झाल्यात, कशालाच नाही म्हणत नाहीत." मग वर्षाची आरोग्य तपासणी झाली आणि कागदावर आलं की डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही, उजव्याने अर्धंमुर्धं. तलावाचे व्यवस्थापक नवीन आलेले, वयाने ताईच्या निम्मे, माणूस वाईट नाही पण नियमाला चिकटलेला. नियमात लिहिलं होतं की जीवरक्षकाला नीट ऐकू आलं पाहिजे. त्यांनी ताईला खुर्चीवरून उतरवलं आणि तिकीट खिडकीवर बसवलं. ज्या बाईला ऐकू येत नाही, तिला काचेच्या मागे! लोक भोकातून "दोन मोठे, एक लहान" म्हणत आणि ताई त्यांच्या ओठांकडे बघत बसे. कानातलं यंत्र तिला मिळालं होतं, पण ते कपाटाच्या खणात पडलेलं. "त्याने नुसती भांडी ऐकू येतात," ती म्हणाली, "माणसं नाही."

घरी तिने तक्रारीचा शब्द काढला नाही. एकच गोष्ट बदलली. आधी रोज तलाव बंद झाला की ती स्वतः चाळीस फेऱ्या पोहून मग घरी यायची, ओल्या केसांनी, भूक भूक करत. आता वेळेवर यायची, कोरडी. तिचा पोहण्याचा पोशाख न्हाणीघरातल्या खुंटीवर महिनोन् महिने तसाच लटकत होता. मी तो बघायचो आणि काही बोलायचो नाही. आम्ही भावंडं त्या बाबतीत सारखीच आहोत.

तेव्हा पंपखोलीतला मिस्त्री आला. तलावाचे पंप आणि गाळण्या बघणारा हा ताईचा जुना सोबती. त्याची नोकरी संपत आली होती आणि तो लेकीकडे राहायला निघाला होता. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि नातीला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. त्याच्याकडे लॅब्रॅडॉरची जोडी होती. काळा डांबर त्याच्या मेहुण्याने नेला. राहिली होती ती दुधावरच्या सायीच्या रंगाची मादी, म्हणून नावही साय.

"दोन आठवडे ठेवा," मिस्त्री म्हणाला. "तोवर मी सोय करतो."

ताईने "दोन आठवडे" ऐकलं की नुसतंच "ठेवा" ऐकलं, ते तिचं तिला माहीत. तिने पट्टा हातात घेतला.

पहिल्या पंधरा मिनिटांत सायने माझे कापडावर आखायचे तीन खडू खाल्ले. मग आनंदाने शेपूट हलवली आणि खालच्या फळीवरची दोऱ्याची रिळं झाडून काढली. ज्यांनी लॅब्रॅडॉर पाळलेलं नाही त्यांना सांगतो, ती शेपूट नव्हे, ती दंडुका आहे, आणि चहाच्या कपाच्या बरोब्बर उंचीवर असते. शिवाय केस. मी त्या वर्षी एका वाद्यवृंदाचे बारा काळे कोट शिवत होतो. काळ्या कापडावर सायीच्या रंगाचे केस कसे दिसतात ते मला कुणी विचारू नका.

"हिचं पोट सुटलंय," बायको तिसऱ्या आठवड्यात म्हणाली. मिस्त्रीचा अर्थातच पत्ता नव्हता. आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोटावर हात फिरवला, यंत्र लावलं आणि ताईकडे बघून म्हणाल्या, "सात आहेत."

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सात कुठे? आत्ता कुठे साडेपाच होतायत."

मी आणि डॉक्टरीणबाई एकमेकांकडे बघून हसायला लागलो. मी ताईच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "पिल्लं! सात पिल्लं!" ताई मटकन स्टुलावर बसली. घरी आल्यावर तिने खण उघडला आणि कानातलं यंत्र घातलं. "पिल्लं रडली तर कळायला हवं," म्हणाली. आमच्या सांगण्याने जे वर्षभरात झालं नाही, ते न जन्मलेल्या पिल्लांनी करून दाखवलं.

पिल्लं एका दुपारी माझ्या कापायच्या टेबलाखाली झाली, अस्तराच्या चिंध्यांच्या टोपलीत. मी टेबलावर कोटाची बाही बेतत होतो आणि खाली ताई पालथी पडून मोजत होती. "तीन... चार... अरे, हा काळा! बापावर गेलाय." सातवं निघालं तेव्हा तिने माझा पाय धरून हलवला. चेहरा असा फुललेला, जणू सगळी मेहनत तिनेच केली होती.

दोन महिन्यांनी पिल्लं द्यायची वेळ आली. ताई येणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत घेई. घरी कोण असतं? दिवसाला किती चालता? जवळ पाणी आहे का? एका सद्गृहस्थांनी सांगितलं की आमच्याकडे पांढरा गालिचा आहे, त्यांना तिने चहाही न देता वाटेला लावलं. अशा रीतीने चार पिल्लं चांगल्या घरी गेली आणि उरलेल्या तिघांसाठी आलेले सगळे उमेदवार नापास झाले. "काय करणार," ताई म्हणाली, "चांगली माणसंच मिळत नाहीत." तिला ती मिळू द्यायची नव्हती, हे न कळायला मी काही दुधखुळा नव्हतो.

तिघांची नावं मी ठेवली. दुकानात वाढली, तर नावंही दुकानातलीच. काळा तो बटण. सायीसारखी गोरी ती काज. आणि सगळ्यांत धाकटा, कुठेही घुसणारा, तो टाका.

ते वर्ष आमच्या घराने कसं काढलं ते आठवलं की अजून हसू येतं. चौघं मिळून अंगणात एक खेळ खेळायची. एकाने काहीतरी पळवायचं आणि तिघांनी त्याच्या मागे लागायचं, आणि पळवणारा पकडला गेला की ती वस्तू सोडून सगळ्यांनी जमिनीवर लोळायचं. बायकोची चप्पल, झाडू, ताईची टोपी, सगळं त्या खेळात जाऊन आलं. एकदा वाद्यवृंदाच्या प्रमुखांच्या कोटाची उजवी बाही गेली. मी कोटाला जोडायच्या आधी इस्त्री करून ठेवली होती. काज ती तोंडात धरून अंगणभर मिरवत होती आणि बाहीचं दुसरं टोक टाकाच्या दातांत. मी ओरडत मागे धावलो, तर त्यांना वाटलं हाही खेळायला आला! बटणने मागून येऊन माझी पँट धरली. वरून खिडकीतून बायको म्हणाली, "तुमच्यावर राज्य आलंय वाटतं." मी ती बाही पुन्हा बेतून शिवली. प्रमुख कोट घालून हात वर-खाली करत म्हणाले, "डावीपेक्षा उजवी जास्त मोकळी बसते हो!" मी मान डोलावली आणि रात्र व्हायच्या आत डावीही उसवून नव्याने बसवून दिली.

आणि साय ताईचा कान झाली. दारावरची घंटा वाजली की ती ताईला जाऊन ढुशी मारायची. तिने हे सेवाभावाने केलं असं मी म्हणणार नाही. दार उघडलं की पाहुणा येतो, पाहुणा आला की बिस्किटांचा डबा निघतो, आणि डबा काढणारी ताई, हा तिचा हिशेब. पण दूधवाला घंटा वाजवून परत जाणं थांबलं, हेही खरं.

गावाबाहेर एक तळं आहे, उथळ काठाचं. सुट्टीच्या दिवशी ताई चौघांना तिथे न्यायची, आणि कधी कधी मीही जायचो. साय काठावरून अशी झेप घ्यायची की पाणी दोन्हीकडे फाकायचं. काज आणि टाका तिच्या मागोमाग. बटण मात्र काठावर उभा राहून विव्हळायचा. लॅब्रॅडॉर असून पाण्याला भिणारा! पाय ओले झाले की उचलून झटकायचा, मांजरासारखा.

"याच्यात काहीतरी खोट आहे," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी शब्द मागे घेतले. "खोट काही नाही. घाबरलाय. मी अशी हजार पोरं पाहिलीत."

पुढच्या खेपेला ती घरून निघाली तेव्हा तिच्या कपड्यांच्या आत पोहण्याचा पोशाख होता. खुंटी रिकामी दिसली म्हणून मला कळलं. ती पाण्यात कमरेपर्यंत उतरली आणि काठाकडे पाठ करून उभी राहिली. बटणला बोलावलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. अर्धा तास. शेवटी तो कुरकुरत छातीपर्यंत आला. तिने त्याला थोपटलं आणि बाहेर नेलं. त्या दिवशी तेवढंच. पुढच्या वेळी पोटाखाली हात धरून चार पावलं. त्याच्या पुढच्या वेळी दहा. बटणचे पुढचे पाय पाण्यावर थपाथप आपटायचे, नाकातून फुसफुस. ताई त्याला सांगत होती, "हळू. घाई नाही. मी आहे इथेच." हे शब्द मी लहानपणी तिच्या तोंडून ऐकले होते, माझ्या पोटाखाली तिचा हात असताना.

पाचव्या की सहाव्या खेपेला तिने हात काढला. बटणला कळलंच नाही. तो तसाच पुढे गेला, मान वर, कान मागे, आणि साय होती तिथवर पोहून पोचला. मग त्याला कळलं. तो वळला आणि आमच्याकडे असा बघत परत आला की विचारू नका! ताई पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. त्यानंतर तिने तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत पोहून दाखवलं, आणि तिच्या मागे रांगेने चार डोकी. तीन गोरी, एक काळं. मी काठावर टॉवेल घेऊन उभा होतो. तिथे एक अनोळखी बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "कोण आहेत या? काय सुरेख पोहतात!" मी म्हणालो, "माझी बहीण." छाती दोन इंच पुढे आली असेल माझी. स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, नाहीतर आकडा सांगितला असता.

त्याच सुमारास तलावाच्या तळाच्या फरश्या बदलायचं ठरलं. सगळं पाणी सोडून द्यायचं होतं. ताई तिकीट खिडकीवरून उठली आणि सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. पुढचं मला तिनेच सांगितलं.

"पाणी सोमवारी सोडायचंय ना? मग रविवारी कुत्र्यांना पोहू द्या. पाण्यात जंतू मारायचं औषध घालणं आठवडाभर आधी थांबवू. माणसांना तलाव तोवर बंदच असेल. पाणी तसंही जाणारच आहे."

व्यवस्थापक म्हणाले, "कुत्र्यांना? या तलावात?"

"माणसांपेक्षा ती कमी दंगा करतात. खुर्चीवर मी बसेन."

"तुम्हाला ऐकू येत नाही, बाई. कुणी ओरडलं तर?"

यावर ताई जे बोलली ते मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलंय. ती म्हणाली, "साहेब, बुडणारा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो. बुडणारा गप्प असतो. ओरडतात ते सगळे मजेत असतात. मी एकतीस वर्षं डोळ्यांनी राखण केली. कानांनी माझं नुसतं डोकं दुखवलं."

व्यवस्थापकांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "कुत्र्यांच्या अंगावरचे सगळे पट्टे मालकांनी काढायचे. हा नियम मी घालतो." नियमाशिवाय त्यांना हो म्हणता येत नव्हतं. पण हा नियम चांगला होता.

रविवारी दुपारी पन्नासेक कुत्री आली. आम्हाला वीसही येतील असं वाटलं नव्हतं. दरवाजा उघडला आणि आधी साय, मग तिची तिन्ही पिल्लं पाण्यात पडली आणि मागोमाग सगळा जथा. लांब केसांची, आखूड पायांची, म्हातारी, एका डोळ्याची. मालक काठावर उभे राहून नावं पुकारत होते आणि एकही कुत्रं ऐकत नव्हतं. काचेच्या छपराखाली असा गदारोळ की मी कान झाकले. माझी बायको हसून हसून बाकावर बसली होती. ताई खुर्चीवर, गळ्यात शिट्टी, कानातलं यंत्र काढून माझ्याकडे दिलेलं. ती हसत नव्हती. पाण्याकडे बघत होती.

एका गृहस्थांनी आपल्या म्हाताऱ्या, बुटक्या कुत्र्याचा छातीचा पट्टा काढला नव्हता. "आमचा शांत आहे," असं दारात सांगून ते आत आले होते, आणि दारावर बसवलेला मी, मीच त्यांना सोडलं. ते कुत्रं बोटीसारखं तरंगत खोल बाजूला गेलं आणि शिडीजवळ त्याचा पट्टा पाण्याखालच्या खिळ्यात अडकला. ते खाली ओढलं गेलं. भुंकलं नाही, धडपड दिसली नाही. आजूबाजूला तीस कुत्री पाणी उडवत होती आणि त्याचे मालक शेजाऱ्याला त्याच्याच गमती सांगत होते.

एक लांबलचक शिट्टी झाली. मी वर पाहिलं तोवर खुर्ची रिकामी होती.

ताई कपड्यांसकट आत गेली होती, बुटांसकट. अठ्ठावन्न वर्षांची बाई. पाण्यावर ती दिसेना. मला वाटतं पाच-सहा सेकंद गेले असतील, पण त्या वेळात मी आयुष्यभराचे देव आठवले. मग ती वर आली, एका हाताने शिडी धरून, दुसऱ्या काखेत ते कुत्रं. काठावर ठेवून तिने त्याला कुशीवर वळवलं, डोकं खाली केलं, बरगड्यांवर दाबलं. त्याने भडाभडा पाणी ओकलं, शिंक दिली आणि शेपटीचं टोक हलवलं. मालकांना रडू आवरेना.

आमच्या चौघांनी काय केलं म्हणाल, तर ताई पाण्यात उडी मारते म्हणजे खेळच, असं समजून चौघंही तिच्यामागे खोल बाजूला गेली. टाकाने तिची तरंगणारी टोपी पळवली, काज आणि साय त्याच्यामागे. बटण तेवढा शिडीपाशी येऊन ताई काठावर चढेपर्यंत तिच्याभोवती गोल गोल पोहत राहिला. मला वाटतं त्याला काळजी वाटली. बायको म्हणते त्याला टोपी मिळाली नाही एवढंच. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

व्यवस्थापक टॉवेल घेऊन आले. "बाई, आवाज झाला होता का?"

"मला काय विचारता?" ताई केस पिळत म्हणाली.

ते मोठ्याने हसले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तर दारातच होतात. काही ऐकू आलं?"

"काही नाही," मी म्हणालो. पट्ट्याचा नियम मी मोडू दिला हेही त्याच दमात सांगून टाकलं.

तलाव चार महिन्यांनी नव्या फरश्यांसह उघडला तेव्हा व्यवस्थापकांनी वरिष्ठांकडे दोन पानी पत्र पाठवून वाट काढली होती. खुर्च्या दोन झाल्या. एकीवर ऐकू येणारी तरुण मुलगी, दुसरीवर ताई. शिवाय सकाळी मोठ्या माणसांचा एक वर्ग ताईकडे दिला, ज्यांना पाण्याची भीती वाटते त्यांचा. पहिल्याच तुकडीत बुटक्या कुत्र्याचे ते मालक होते. एक सत्तरीच्या आजी होत्या, ज्यांनी जन्मात घोट्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं. ताईने त्यांच्याकडे पाठ करून अर्धा तास उभं राहण्याची तीच युक्ती केली. महिन्याभरात आजी पाठीवर पडून छपराकडे बघत तरंगू लागल्या. "आभाळ दिसतंय हो," त्या ओरडल्या, आणि ताईने ते ओठांवरून वाचलं.

आता कुत्र्यांचा रविवार दरवर्षी होतो. पाणी बदलायच्या आदल्या दिवशी. गेल्या वर्षी मिस्त्रीही आला होता, मेहुण्याकडून डांबरला घेऊन. त्याच्या चेहऱ्यावर थोडी अपराधी भावना होती, असायलाच हवी. काळा बाप आणि काळा लेक पहिल्यांदा भेटले, एकमेकांना हुंगलं आणि दोघं मिळून मिस्त्रीचीच चप्पल घेऊन पाण्यात गेले.

"शिट्टीबाई," मिस्त्री म्हणाला, "मी सायची सोय करतो म्हणालो होतो, नाही का?"

ताईने उजवा कान पुढे केला. "काय म्हणालात?"

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. यंत्र कानात होतं.